परसातील कोंबड्यांचा आहार : घरचे धान्य, घरची दक्षता

परभणी जिल्हा हा ज्वारी, कापूस आणि सोयाबीन यांचा जिल्हा होय. येथील शेतमजूर व अल्पभूधारकांच्या परसात पाच-दहा कोंबड्या असतात. त्यांची अंडी म्हणजे मुलांचे पोषण आणि कोंबडी म्हणजे अडीअडचणीला घरातील स्त्रीच्या हाती येणारा पैसा. साहजिकच, घरात जे उपलब्ध असेल ते कोंबड्यांपुढे टाकले जाते. त्यातील पुष्कळसे हितकारक असते. काही मात्र घातक ठरते. हा फरक ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

ज्वारी हे कोंबड्यांचे उत्तम खाद्य आहे. पांढऱ्या ज्वारीत टॅनिन हा तुरट घटक फारसा नसल्याने ती चांगली पचते. परंतु तिच्यात प्रथिने सुमारे १० टक्केच असतात, तर अंड्यावरील कोंबडीला १६ ते १८ टक्के आणि लहान पिलांना सुमारे २० टक्के प्रथिनांचा आहार लागतो. ही उणीव पेंडीने भरून निघते. मोकळ्या कोंबड्या किडे, वाळवी व गांडुळे टिपून ती काही अंशी स्वतःच भरून काढतात. पिवळ्या मक्याने व हिरव्या पाल्याने अंड्याच्या बलकाला पिवळा रंग येतो; केवळ ज्वारीवर वाढणाऱ्या कोंबडीचा बलक फिकट राहतो. मेथी, लसूणघास, शेवग्याचा पाला हे याकामी उपयुक्त होत.

सोयाबीनची गोष्ट वेगळी आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारा घटक असतो व तो उष्णतेनेच निष्प्रभ होतो. म्हणून सोयाबीन भाजून अथवा कारखान्यात तयार झालेली पेंड द्यावी. कच्चे देऊ नये. सरकीच्या पेंडीत गॉसिपॉल हे द्रव्य असते. जनावरांना चालणारी ही पेंड अंड्यावरील कोंबड्यांना देऊ नये, कारण त्यामुळे साठवणीत अंड्याचा बलक हिरवट पडतो.

सर्वांत मोठा धोका पेरणीच्या हंगामात संभवतो. पेरून उरलेले, औषध चोळलेले बियाणे फेकवत नाही म्हणून ते कोंबड्यांना घातले जाते. बीजप्रक्रियेतील थायरम या बुरशीनाशकाने पिलांचे पाय वाकडे होतात आणि कोंबड्या मऊ कवचाची अंडी देतात. कीटकनाशक चोळलेल्या बियाण्याने तर त्या दगावूही शकतात. असे बियाणे धुऊनदेखील देऊ नये, तसेच ते कोंबड्यांच्या आवाक्यात ठेवू नये.

दुसरा धोका बुरशीचा. खरीप ज्वारी काढणीच्या वेळी पावसात सापडली की काळी पडते. माणसांना नको झालेले धान्य कोंबड्यांना घालण्याची रीत आहे. परंतु बुरशीचे विष कोंबडीच्या यकृतालाही तितकेच बाधते. १९६० साली इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी मृत्युमुखी पडले. त्याचे कारण बुरशी लागलेली भुईमुगाची पेंड हे होते आणि त्या शोधातूनच अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला ज्ञात झाले. म्हणून धान्य व पेंड वाळवून, जमिनीपासून उंचावर साठवावी. कुबट वास येणारे खाद्य देऊ नये.

अंड्याच्या कवचासाठी कॅल्शियम हवे. त्याकरिता शिंपल्यांचा चुरा किंवा भाजून कुटलेली अंड्याची टरफले वेगळ्या भांड्यात ठेवावीत. लहान पिलांना मात्र असे जादा कॅल्शियम देऊ नये. त्याने मूत्रपिंडास इजा होते. घरातील भात-भाकरी ताजी असल्यास चालते. लोणचे, खारट पदार्थ, बटाट्याच्या हिरव्या साली व कच्चा राजमा टाळावा. कोंबडी खाद्याच्या सुमारे दुप्पट पाणी पिते. परभणीच्या उन्हाळ्यात ही गरज आणखी वाढते. तेव्हा सावलीत स्वच्छ, थंड पाणी दिवसभर ठेवावे.

परभणी येथे १९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आहे, तसेच पशुवैद्यक व पशुविज्ञान महाविद्यालय आहे. कोंबड्यांची अचानक मर झाल्यास जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे आणि उरलेल्या खाद्याचा नमुना जपून ठेवावा. ग्रामपंचायतीने पेरणीपूर्वी दवंडी अथवा फलकाद्वारे औषध चोळलेल्या बियाण्याविषयी सूचना द्यावी व शिक्षकांनी ती मुलांमार्फत घरोघरी पोहोचवावी. यास खर्च काहीच नाही; मात्र अनेक घरांतील चार पैशांचा आधार त्यामुळे सुरक्षित राहील.