नातवंडांचे बोलणे समजावे म्हणून काही पुस्तके



आपल्या समाजातली वडीलधारी माणसे मला अजूनही "नर्सबाई" म्हणतात. मी निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली, तरी दुखण्याखुपण्याचे फोन इथे नोव्हायला माझ्याकडेच येतात. अलीकडे मात्र दोन-तीन फोन वेगळे आले. "अगं, नातू म्हणतो मी गे आहे. म्हणजे नक्की काय? आपल्या मराठीत याला काय म्हणतात? आणि यावर काही उपाय असतो का गं?" विचारणाऱ्या आजी ऐंशीच्या पुढच्या. बाजूच्या खोलीत कोणी ऐकेल म्हणून आवाज अगदी बारीक केलेला.

उपायाचे आधी सांगते. हा आजार नाही. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली समलिंगी असणे आजारांच्या यादीतून काढून टाकले. जागतिक आरोग्य संघटनेने तेच १९९० साली केले. तेव्हा त्यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही आणि नवस तर नाहीच नाही.

आता शब्दांचे. ज्याला आपल्यासारख्याच, म्हणजे पुरुषाला पुरुषाबद्दल किंवा बाईला बाईबद्दल प्रेम वाटते, त्याला मराठीत समलिंगी म्हणतात. पुरुष असेल तर गे, बाई असेल तर लेस्बियन. जन्मल्यावर सगळ्यांनी मुलगा म्हटले पण मन मुलीचे, किंवा याच्या उलट, अशा व्यक्तीला पारलिंगी किंवा ट्रान्सजेंडर म्हणतात. मुले 'एलजीबीटीक्यू' अशी लांबलचक अक्षरे बोलतात, त्यांत ही सगळी मंडळी आली. पण नुसत्या शब्दाने आजीचे समाधान होत नाही. तिला माणूस समजून घ्यायचा असतो. त्यासाठी मी पुस्तके सुचवते. त्यांत आत्मकथा आहेत, नाटक-कादंबऱ्या आहेत, मुलांसाठी अद्भुत गोष्टीही आहेत. आपल्या पिढीसाठी मराठी आणि मुलांसाठी इंग्रजी, अशी वाटणी केली आहे.

आधी मोठ्यांची पुस्तके.

विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ साली मुंबईच्या रंगभूमीवर आले. रोहिणी हट्टंगडी यांनी त्यात सुमित्राची भूमिका केली होती. स्वातंत्र्याआधीच्या काळातली ही कॉलेजातली मुलगी. तिला सगळे मित्रा म्हणतात. तिला मुलांविषयी ओढ वाटत नाही, एका मुलीविषयी वाटते. हे ती बापू नावाच्या एका साध्याभोळ्या मुलाला सांगते आणि तोच आपल्याला तिची गोष्ट सांगतो. शेवट फार दुःखाचा आहे, आधीच सांगून ठेवते. मला मात्र त्यातला बापू महत्त्वाचा वाटतो. मित्राला सल्ले देणारे नकोच होते. ऐकणारा एक जण हवा होता, आणि तो एकटाच पुरा पडला नाही. घरातल्यांनी हे नाटक त्यासाठी वाचावे.

दुसरे पुस्तक 'मी हिजडा... मी लक्ष्मी!'. ही लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांची आत्मकथा, शब्दांकन वैशाली रोडे यांचे. मनोविकास प्रकाशनाने २०१२ साली काढली. लक्ष्मी ठाण्याच्या. ठाणे म्हटले की आपल्याला शाआर हाशामाईम सिनेगॉग आठवते. त्याच गावात हे मूल मुलगा म्हणून वाढले, नाच शिकले, टिंगल सोसली आणि पुढे हिजड्यांच्या घराण्यात गेले. आपण लहानपणी हिजडे बघितले ते लग्नाघरी, बारशाला टाळ्या वाजवत आलेले. आई आम्हाला आत ओढून घ्यायची. ते कोणाच्या घरातून आले, त्यांच्या आईला काय वाटले असेल, हे कधी मनातच आले नाही. या पुस्तकात त्याचे उत्तर मिळते. लक्ष्मी यांच्या आईवडिलांना धक्का बसला, पण त्यांनी मुलाला तोडले नाही. पुस्तकात काही भाग उघडावाघडा आहे. आपण मोठी माणसे आहोत, चालते. मुलांच्या हाती मात्र जरा वय झाल्यावर द्यावे.

तिसरे नाव बिंदुमाधव खिरे यांचे. त्यांनी २००२ साली पुण्यात समपथिक ट्रस्ट ही संस्था काढली. समलिंगी तरुणाच्या मनाची घालमेल सांगणारी त्यांची 'पार्टनर' ही कादंबरी २००५ साली आली. भाषा सोपी, पुणेरी घरातली, डोळ्यांना चष्मा असला तरी दोन बैठकीत संपते. पण आजी-आजोबांना मी त्यांचे 'मनाचिये गुंती' आधी वाचायला सांगीन. नाव ज्ञानेश्वरांच्या अभंगातले आहे. यात पालक आणि नातेवाईक बोलतात. मुलाने सांगितल्यावर घरात काय झाले, कोण रडले, कोण गप्प बसले, ते त्यांच्याच तोंडून येते. आपल्यावर एकट्यावरच हे आलेले नाही, एवढे कळले तरी छातीवरचा दगड हलका होतो.

सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ सालची. मराठी मध्यमवर्गीय घर, त्यात पेइंग गेस्ट म्हणून राहायला आलेला एक तरुण आणि घरातले भाऊ-बहीण दोघेही त्याच्यावर जीव लावून बसलेले. आधी भावाचे मनोगत, मग बहिणीचे. जेरी पिंटो यांनी तिचे इंग्रजी भाषांतर केले, ते २०१३ साली आले. म्हणजे आजीने मराठीत आणि कॉलेजातल्या नातीने इंग्रजीत एकच पुस्तक वाचून त्यावर बोलता येईल. अशी संधी आपल्याला फार कमी मिळते. २०२२ साली यावर चित्रपटही आला. त्यात गोष्ट पुण्याऐवजी कोचीला नेली आहे.

आता मुलांची पुस्तके. बालमित्रांनो, इथून पुढे तुम्ही वाचा, आजीला वाचून दाखवा.

सुनीती नामजोशी यांचा जन्म १९४१ सालचा, मुंबईचा. आईकडून त्या फलटणच्या नाईक-निंबाळकर घराण्यातल्या. भारतात सरकारी अधिकारी होत्या, मग कॅनडात प्राध्यापक झाल्या, नंतर इंग्लंडला गेल्या. आपण स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री आहोत हे त्यांनी लपवले नाही. शाळेत गोविंदाग्रजांच्या कविता पाठ केलेल्यांना एक गंमत सांगते. त्याच कवितांची इंग्रजी भाषांतरे सुनीतीबाईंनी आपल्या आईबरोबर केली आणि १९६८ साली ती छापली. लहान मुलांसाठी त्यांचे 'अदिती अँड द वन-आयड मंकी' (१९८६) घ्यावे. अदिती नावाची मुलगी, एका डोळ्याचे माकड, एक हत्ती आणि एक मुंगी असे चौघे ड्रॅगनचा बंदोबस्त करायला निघतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना जमेल. या गोष्टीत प्रेमाबिमाचा विषय नाही. पण निरनिराळ्या जातीच्या चार जीवांनी एकमेकांना सांभाळून कसे चालावे, ते आहे. मोठ्यांसाठी त्यांचे 'गोजा' (२०००) आहे, अर्धी आठवण आणि अर्धी दंतकथा. गोजा ही त्यांच्या घरात कामाला असलेली बाई.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी सॅशा लॅम यांची अद्भुत कादंबरी 'व्हेन द एंजल्स लेफ्ट द ओल्ड कंट्री' (२०२२). पूर्व युरोपातल्या एका चिमुकल्या ज्यू खेड्यात एक देवदूत आणि एक सैतानाचे पिल्लू वर्षानुवर्षे शेजारी बसून तालमूद शिकत असतात. गावची एक मुलगी अमेरिकेला जाते आणि तिची पत्रे बंद होतात. मग हे दोघे बोटीत बसून तिला शोधायला निघतात. एलिस आयलंडवरची तपासणी, न्यूयॉर्कचे शिवणकामाचे कारखाने, सगळे यात आहे. देवदूत पुरुषही नाही, स्त्रीही नाही. आणि बोटीवर भेटणारी रोझ ही मुलगी आपल्या मैत्रिणीवर मनापासून प्रेम करत असते. या पुस्तकाला २०२३ साली ज्यू बालसाहित्याचे सिडनी टेलर पारितोषिक आणि एलजीबीटीक्यू पुस्तकांचे स्टोनवॉल पारितोषिक, दोन्ही मिळाली. आपण मुंबईहून पेट्या घेऊन निघालेले लोक. आजी-आजोबांनी आपल्या प्रवासाच्या गोष्टी यासोबतच सांगाव्यात.

आत्मकथा हवी असेल तर आपल्याच मिशिगन राज्यातली घ्या. ट्रॅव्हर्स सिटीला वाढलेले चेस्टन बुडिजेज यांचे 'आय हॅव समथिंग टू टेल यू' २०२० साली आले. किशोरवयीन मुलांसाठी त्याची सोपी आवृत्ती २०२३ साली निघाली. अठराव्या वर्षी त्यांनी आईवडिलांना आपण गे असल्याचे सांगितले. घर सोडले. कधी मित्रांकडे तर कधी गाडीत झोपून दिवस काढले. काही महिन्यांनी घरून बोलावणे आले, परत ये म्हणून.

ते बोलावणे वाचताना मला माझी रात्रपाळी आठवली. १९८० नंतरच्या दशकात एड्सची साथ होती आणि मी इथल्या एका मोठ्या इस्पितळात होते. विशी-तिशीतले मुलगे. आमच्यातले काही जण जेवणाचे ताट दाराबाहेरच ठेवून जात. भेटीच्या वेळेला खुर्ची रिकामी. एकाचा हात थरथरत होता म्हणून त्याच्या आईला पत्र मी लिहून दिले. त्यात त्याने फक्त विचारले होते, येशील का? उत्तर आले नाही. तो गेला त्या रात्री खोलीत मी होते आणि एक सफाईवाला होता. औषधाने त्या मुलाला मी वाचवू शकत नव्हते. पण त्या खुर्चीत कोणी बसायला औषध लागत नव्हते. म्हणून हा लेख लिहिते आहे.

काही वाचक धर्माचे विचारतील. लेवीयच्या पुस्तकातले वचन आपल्याला माहीत आहे. आज ज्यू पंथांत यावर एकमत नाही. रिफॉर्म रब्बींच्या अमेरिकेतील संघटनेने समलिंगी जोडप्यांचे विधी करू इच्छिणाऱ्या रब्बींना २००० साली पाठिंबा दिला. कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाने २००६ साली समलिंगी व्यक्तींना रब्बी होण्याची वाट मोकळी केली. ऑर्थोडॉक्स पंथ असे लग्न मानत नाही. निवाडा करणे माझ्यासारख्या नर्सचे काम नव्हे. मात्र ज्यांना श्रद्धाही सोडायची नाही आणि माणूसही सोडायचे नाही, त्यांनी जॉय लॅडिन यांचे 'थ्रू द डोअर ऑफ लाइफ' (२०१२) वाचावे. त्या न्यूयॉर्कच्या येशिवा विद्यापीठाच्या स्टर्न कॉलेजात शिकवत होत्या. तिथे पुरुष म्हणून लागल्या आणि २००८ साली स्त्री म्हणून परत वर्गात गेल्या. बायको-मुलांना किती सोसावे लागले, तेही त्यांनी झाकून ठेवलेले नाही.

कायदाही बदलला आहे, तो नातवंडांना माहीत असतो, आपल्यालाही असावा. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथीयांना मान्यता दिली आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असे ठरवले. लग्नाचा हक्क मात्र २०२३ साली नाकारला. अमेरिकेत तो हक्क २६ जून २०१५ रोजी मिळाला. त्या निकालातल्या खटल्यांपैकी एक आमच्याच ओकलंड काउंटीतल्या हेझल पार्कचा होता. एप्रिल डिबोअर आणि जेन राउस या दोघींचा, आणि दोघीही नर्स! दोघींना मिळून आपल्या दत्तक मुलांची आई व्हायचे होते, तिथून सगळे सुरू झाले.

पुस्तकांवरून भांडणेही होतात. मिशिगनच्याच जेम्सटाउन गावात असल्या पुस्तकांच्या वादातून २०२२ साली लोकांनी वाचनालयाचा कर दोनदा नामंजूर केला. वाचनालय बंद पडायची पाळी आली. शेवटी २०२३ साली तो मंजूर झाला. माझे मत विचाराल तर कोणते पुस्तक कोणत्या वयाला, हे घरच्यांनी आधी स्वतः वाचून ठरवावे. न वाचता हातातून काढून घेऊ नये. मूल ते पुस्तक गादीखाली ठेवून वाचतेच, आणि मग प्रश्न आपल्याला विचारत नाही.

मिळवायची कशी, तेही सांगते. मिशिगनमध्ये वाचनालयांची एकमेकांकडून पुस्तके मागवण्याची 'मेलकॅट' नावाची सोय आहे. आपल्या वाचनालयाच्या काउंटरवर विचारावे. इंग्रजी पुस्तके अशी मिळतील. मराठीसाठी आपली जुनी पद्धत बरी. रोश हाशानाच्या हलव्यासाठी मुंबईहून गव्हाचा चीक मागवता ना, त्याच बॅगेत एक पुस्तकही सांगा.

आणि ज्या घरात मूल अबोल झाले आहे, जेवत नाही, जिवाचे बरेवाईट बोलते, तिथे पुस्तकाची वाट बघू नका. अमेरिकेत ९८८ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो.

त्या आजींनी फोन ठेवताना विचारले, "पण मी त्याला आधी बोलू काय?" मी म्हटले, "बरं झालं मला सांगितलंस, असं म्हणा. आणि मग विचारा, जेवलास का?"