दारिद्र्य, ऋण आणि चित्ताचे आरोग्य

अंगुत्तर निकायाच्या चतुक्कनिपातात तथागतांनी रोगाचे दोन प्रकार सांगितले आहेत : कायिक आणि चेतसिक. शरीराने वर्षानुवर्षे निरोगी राहिलेली माणसे आढळतात. परंतु क्षीणास्रव अर्हत वगळता, क्षणभर तरी मनाने पूर्ण निरोगी असा मनुष्य दुर्मीळ, असे तेथे म्हटले आहे. यावरून काही उपासक असे अनुमान काढतात की, मनाचे सर्व दुःख तृष्णेतूनच येते व ध्यान हाच त्यावरील एकमेव उपाय होय. रोजगार गेलेला वा कर्जात बुडालेला माणूस विहारात आला की त्यास डोळे मिटून बसण्यास सांगितले जाते. क्वचित 'पूर्वकर्म' हा शब्दही कानी पडतो. या समजुतीस पाली वाङ्मयाचा कितपत आधार आहे, ते पाहू.

पूर्वकर्माचा प्रश्न प्रथम घेऊ. संयुत्त निकायातील वेदनासंयुत्तात मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने, सर्व सुखदुःखे पूर्वकर्मामुळेच होतात काय, असे विचारले. तथागतांनी आठ कारणे सांगितली : पित्त, कफ, वात, तिन्हींचा सन्निपात, ऋतुबदल, विषम राहणी, बाहेरून झालेला आघात आणि कर्मविपाक. आठांत कर्म हे एक. सर्व काही त्याच्यावर ढकलणारे स्वानुभवाचे व लोकमान्य सत्याचे उल्लंघन करतात, असा स्पष्ट निर्णय तेथे दिलेला आहे.

आता अंगुत्तराच्याच छक्कनिपातातील इणसुत्त पाहू. प्रपंचात राहणाऱ्यास दारिद्र्य हे दुःख आहे, असे तथागत भिक्खूंकडून वदवून घेतात. पुढे एकेक पायरी येते : दरिद्री माणूस ऋण घेतो, व्याज कबूल करतो, मुदतीत देता न आल्याने त्यास तगादा लागतो, तरीही न दिल्यास धनको त्याच्या मागे मागे फिरतात आणि शेवटी त्यास बांधतात. प्रत्येक पायरीस स्वतंत्रपणे दुःख म्हटले आहे. विदर्भ-मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्यास किंवा खासगी वित्तसंस्थेच्या हप्त्यांत अडकलेल्या गृहिणीस हा क्रम समजावून सांगावा लागत नाही. वसुलीचा दूरध्वनी वाजला की छातीत धडधडणे, झोप उडणे, चारचौघांत जाणे टाळणे, ही 'चोदना' व 'अनुचरिया' यांचीच आजची रूपे होत.

या सुत्ताचा उत्तरार्ध शीलाच्या दारिद्र्याविषयी आहे, हे सांगणे अभ्यासक म्हणून आवश्यक आहे. दुराचार केलेला भिक्खू अरण्यात, वृक्षमूळी वा शून्यागारात गेला तरी पश्चात्तापाचे विचार त्याचा पाठलाग सोडत नाहीत, असे तेथे म्हटले आहे. पण ही उपमा साधली, ती ऋणकोची अवस्था श्रोत्यांच्या परिचयाची होती म्हणूनच. ज्याच्यामागे सावकार लागला आहे त्याचे विचार एकांतात शांत होतात की अधिकच पाठीस लागतात, याचा विचार त्यास एकांतात बसविणाऱ्यांनी करावयास हवा. अनाथपिंडिकास गृहस्थाची चार सुखे सांगताना तथागतांनी अनृणसुखास स्वतंत्र स्थान दिले, ते उगीच नव्हे.

आळवीच्या गरीब शेतकऱ्याची कथा धम्मपद-अट्ठकथेत आली आहे. हरवलेला बैल शोधून तो उपाशीपोटी सभेत पोहोचला, तोवर तथागत मौन राखून थांबले होते. त्यांनी प्रथम त्यास उरलेले अन्न वाढविले. तो तृप्त झाल्यावरच धम्मदेशना केली. भिक्खूंनी कुरकुर केली, तेव्हा भूक हा सर्वांत मोठा रोग असल्याचे त्यांना सांगण्यात आले.

वार्धक्याचे उदाहरण ब्राह्मणसंयुत्तात आहे. श्रावस्तीच्या एका वृद्धास चार मुलांनी व सुनांनी घराबाहेर काढले होते. तथागतांनी त्यास अनित्यतेचा उपदेश केला नाही, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. मुलांपेक्षा हातातील काठी बरी, अशा आशयाच्या गाथा त्यांनी त्यास शिकविल्या आणि मुले बसलेली असतील अशा भरसभेत त्या म्हणावयास सांगितल्या. मुलांनी त्यास घरी नेले, न्हाऊ घातले, वस्त्रे दिली. खाजगी दुःखाचा निवाडा लोकांसमोर झाला.

बालवयाविषयी दूर जावयास नको. शाळेत बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे व शिपाई नसेल तर तहानलेलेच राहावे लागे, हे बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवले आहे. तो अपमान ते कित्येक दशकांनंतर बारकाव्यांसह लिहितात, यावरून बालमनावरील आघाताचे आयुष्य किती, ते कळावे. त्यांनी त्यावर केवळ सांत्वन दिले नाही. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरास वसतिगृह काढले. आजच्या उच्च शिक्षणसंस्थांत एकाकी पडणाऱ्या आमच्या मुलामुलींसाठी विहारांनी काय काढले?

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (१२ राज्ये, महाराष्ट्र त्यांत नव्हता) अल्प उत्पन्न गटांत मानसिक विकारांचे प्रमाण अधिक आढळले, आणि विविध विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांवाचून असल्याचे दिसले. उपचार न घेण्यामागे खर्चाबरोबर लाजही असते. विनयाने मात्र या बाबतीत लाज ठेवलेली नाही : उन्मत्त अवस्थेतील भिक्खूच्या कृतीस आपत्ती लागत नाही, आणि बरा झाल्यावर जुन्या कृत्यांवरून त्यास कोणी छेडू नये म्हणून 'अमूळ्हविनय' हा स्वतंत्र विधी सांगितला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमानेही आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्यास शिक्षेतून वगळले, व दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीस विनामूल्य उपचाराचा हक्क दिला. २०२२ पासून टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते. हा क्रमांक विहाराच्या फलकावर, वंदनेच्या वेळापत्रकाशेजारी, लिहिण्यास अडचण नसावी.