तात्या विंचूला बघून तेव्हा घाम फुटायचा, मग आता हसू का येतं?

पुणे-नाशिक रस्त्यानं राजगुरुनगर सोडलं की मंचरच्या आधी पेठ लागतं आणि लगेच अवसरीचा घाट. घाट आणि रात्र एकत्र आली की गाडीत भुताचा विषय निघतोच. कुणीतरी चकव्याची गोष्ट सुरू करतो, मागचा हळूच काच वर करतो. तेवढ्यात एकजण चिरक्या आवाजात म्हणतो, ‘ओम फट स्वाहा’. अख्खी गाडी हसते. भुताचा विषय तिथंच संपतो.

गंमत अशी की हेच तीन शब्द १९९३ साली ऐकून पोरं आईच्या पदरात तोंड लपवायची. कपाटावर ठेवलेली बाहुली रात्री उलटी करून ठेवायची. तीच पोरं आज व्हॉट्सअपवर तात्या विंचूचे स्टिकर पाठवतात. सिनेमा तोच, बाहुला तोच. मग बदललं काय?

सोपं उत्तर असं की ‘तेव्हा बजेट नव्हतं, सगळं नकली दिसायचं, म्हणून आता हसू येतं.’ हे उत्तर अर्धंच खरं आहे.

आधी कॅलेंडर बघू. ‘झपाटलेला’ आला नव्वदीत, पण त्याचं वळण पक्कं ऐंशीच्या दशकातलं. त्याच्या आधी मराठीत भुतांनी बराच धुमाकूळ घातला होता. १९८२ चा ‘एक डाव भुताचा’ द. मा. मिरासदारांच्या लेखणीतला. त्यात अशोक सराफ चक्क भूत आहेत आणि दिलीप प्रभावळकर शाळामास्तर. १९८९ ला सचिन पिळगावकरांचा ‘भुताचा भाऊ’ आला. १९९० च्या ‘धडाकेबाज’मध्ये महेश कोठारेंनी एका बाजूला बाटलीतला गंगाराम ठेवला, तर दुसऱ्या बाजूला कवटीचा मुखवटा घातलेला कवट्या महाकाळ. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. भूत आहे, खूनही आहे, पण थिएटरमधून बाहेर पडणारा माणूस हसतच बाहेर पडतो.

तिकडे हिंदीत त्याच काळात रामसे बंधूंचं दुकान जोरात होतं. ‘पुराना मंदिर’ १९८४ चा, ‘वीराना’ १९८८ चा. सात भाऊ, त्यांनी दिग्दर्शन, कॅमेरा, ध्वनी अशी कामं घरातच वाटून घेतलेली. १९७२ च्या ‘दो गज जमीन के नीचे’साठी तर अख्खं कुटुंबच महाबळेश्वरला जाऊन राहिलं होतं. ‘पुराना मंदिर’मधला सामरी ज्यांनी साकारला ते अनिरुद्ध अगरवाल शिक्षणानं इंजिनियर. आणि याच भयपटात मध्येच जगदीप ‘शोले’ची नक्कल करताना दिसतात. भुताच्या सिनेमात ‘शोले’ कशाला, असा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही. पब्लिकला पैसे वसूल व्हायला हवे होते.

अशा सिनेमांसाठी इंग्रजीत एक शब्द वापरतात, कॅम्प. पुण्यातला कॅम्प नव्हे. सुसान सोन्टॅग या अमेरिकन लेखिकेनं १९६४ मध्ये यावर एक गाजलेला निबंध लिहिला. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की एखादी कलाकृती मनापासून, गंभीरपणे काहीतरी भव्य करायला जाते, ते जमत नाही, पण त्या फसण्यातूनच वेगळी मजा तयार होते. ही खरी कॅम्प. मुद्दाम ठरवून केलेली मजा तिच्या मते दुय्यम. सामरीचे लाल डोळे, धुराचं मशिन, प्लॅस्टरचे खांब हे सगळं या व्याख्येत चपखल बसतं.

तात्या विंचू मात्र बसत नाही. कारण तो फसलेला नाहीये.

तात्याचा चुलतभाऊ अमेरिकेत आहे, हे आता सगळ्यांना माहीत आहे. १९८८ चा ‘चाइल्ड्स प्ले’ आणि त्यातला चकी. पोलिसाच्या गोळीनं मरायला टेकलेला गुन्हेगार मंत्र म्हणतो आणि बाहुल्यात शिरतो. आपली खरी ओळख त्यानं ज्या माणसाला पहिल्यांदा सांगितली, त्याच्या शरीरात त्याला जायचंय. ‘झपाटलेला’नं हा सांगाडा उचलला. पण तो मराठी गावात उभा करताना जे केलं त्याला नुसतं ‘कॉपी’ म्हणणं आळशीपणाचं आहे.

व्हूडूच्या जागी आले बाबा चमत्कार आणि त्यांचा मृत्युंजय मंत्र. शहरातल्या एकट्या पोराच्या जागी आला गावातला लक्ष्या, त्याची आई आणि त्याची आवडी. खलनायकाचं नाव तर मास्टरस्ट्रोक. तात्या म्हणजे घरातला वडीलधारा, ओसरीवर बसून पानाला चुना लावणारा. विंचू म्हणजे चप्पल झटकून घालायला लावणारा. दोन्ही जोडल्यावर भीती वाटायच्या आधीच ओळख पटते. त्याच्या साथीदाराचं नाव कुबड्या खवीस, आणि खवीस हा मराठी माणसाच्या भुतांच्या यादीतला जुना मेंबर.

या यादीबद्दल थोडं थांबायला हवं. मुंजा, हडळ, समंध, वेताळ, जखीण, गिऱ्हा, देवचार, चकवा. प्रत्येकाचा पत्ता ठरलेला. मुंजा पिंपळावर, चकवा माळावर, गिऱ्हा पाण्यापाशी. देवचार कोकणात राखणदारी करतो आणि वर्षाचा मान मागतो. म्हणजे आपल्याकडचं भूत परग्रहावरून आलेलं नाही. ते शेजारी आहे. त्याच्याशी भांडता येतं, सौदा करता येतो, नारळ देऊन कटवता येतं. ज्याच्याशी सौदा होतो त्याच्यावर विनोदही होतो. ‘एक डाव भुताचा’मधल्या भुताला मास्तरच्या संसारात लुडबुड करताना बघून कुणाला आश्चर्य वाटलं नाही, ते यामुळेच.

आता परत पेठकडे येऊ. इथून मंचर ओलांडून पुढे गेलं की नारायणगाव, म्हणजे तमाशापंढरी. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर इथल्याच. गुढीपाडव्याच्या आसपास इथं फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी येऊन आपल्या जत्रेची सुपारी देतात. आंबेगाव-जुन्नरच्या जत्रांत तमाशाच्या जोडीला पूर्वी तंबूतला सिनेमाही असायचा. मैदानात कनात, मध्ये पांढरा पडदा, प्रोजेक्टरचा खडखडाट. गर्दी झाली की पडद्याच्या मागच्या बाजूनंही लोक बसायचे आणि उलटा सिनेमा बघायचे. कुणाची तक्रार नसायची.

आणि इथंच त्या ‘नकली दिसण्या’चं उत्तर सापडतं. तमाशाच्या वगात राजवाडा नसतो. सोंगाड्या रंगमंचावर एक फेरी मारतो आणि म्हणतो, आलो बघा कोल्हापूरला. समोरचे हजार लोक ते मान्य करतात. राजाचा मुकुट पत्र्याचा आहे हे सगळ्यांना दिसतं, आणि तरी त्याच राजानं निष्पापाला सुळावर द्यायचा हुकूम दिला की बायका डोळे पुसतात. नकलीपणा दिसणं आणि गोष्टीवर विश्वास बसणं, या दोन गोष्टी या प्रेक्षकाला कधीच एकमेकांच्या विरोधात वाटल्या नाहीत. तो जत्रेतून तमाशा बघून उठायचा आणि शेजारच्या तंबूत भूत बघायला जाऊन बसायचा. त्याच्यासाठी करार तोच होता.

तात्या विंचूचा बाहुला याच कराराच्या घराण्यातला. तो बनवला रामदास पाध्ये यांनी. त्यांचे वडील यशवंत पाध्ये यांचा अर्धवटराव हा बोलका बाहुला शंभरी ओलांडून गेलाय. लिज्जत पापडच्या जाहिरातीतला खदाखदा हसणारा ससा आठवतो? तोही पाध्येंचाच. बोलक्या बाहुल्यांच्या खेळात एक मूळ युक्ती असते. बाहुल्याला करता येण्यासारखं फार थोडं असतं. जबडा उघडतो, मान वळते, डोळे फिरतात. बाकीचा जीव त्याला शेजारचा माणूस देतो. कलाकारानं बाहुल्याकडे बघितलं की प्रेक्षक बाहुल्याकडे बघतो. कलाकार दचकला की बाहुला खरा.

‘झपाटलेला’त हे काम लक्ष्मीकांत बेर्डेंनी केलं. सिनेमा पुन्हा बघाल तेव्हा तात्याकडे नका बघू, लक्ष्याकडे बघा. अडखळणारी वाक्यं, फिरलेले डोळे, आणि खून बाहुल्यानं केलाय हे सगळ्यांना जीव तोडून सांगणं. कुणीही विश्वास ठेवत नाही. हा प्रसंग विनोदी आहे, पण लहान मुलांना तो भयंकर का वाटायचा तेही कळतं. खरं सांगूनही मोठ्यांनी ऐकून न घेणं हा प्रत्येक पोराचा अनुभव असतो. बाहुल्याच्या सुरीपेक्षा ही भीती जास्त खोल जाते. त्यात तात्याचा आवाज प्रभावळकरांचा. एका बाजूला तो आवाज, दुसऱ्या बाजूला बेर्डेंचा चेहरा, आणि मध्ये एक निर्जीव वस्तू. एवढ्यावर सिनेमा उभा आहे.

म्हणून ‘बजेट नव्हतं’ हे वाक्य उलटं करून बघावं लागतं. बजेट नव्हतं म्हणून अभिनय करावा लागला. दाखवता येत नव्हतं म्हणून लपवावं लागलं. बाहुल्याला पूर्ण चालवणं अवघड, मग कॅमेरा जमिनीला टेकवा, दार हलताना दाखवा, सावली दाखवा, उरलेलं प्रेक्षक स्वतःच भरून काढतो. तिकडे सॅम रायमीनं १९८१ च्या ‘द ईव्हिल डेड’मध्ये तुटपुंज्या पैशात असंच जंगलातून कॅमेरा पळवला होता आणि अदृश्य भूत तयार केलं होतं.

मग आता हसू का येतं? लहानपणी फक्त तात्या दिसायचा. आता तात्यामागचे हात दिसतात. हे हसू टिंगलीचं असतं तर लोक एकदा हसून विसरले असते. टीव्हीवर ‘झपाटलेला’ लागला की वीस मिनिटं उलटून गेलेली असली तरी रिमोट थांबतो, तो टिंगल करायला थांबत नाही.

याची उलट बाजूही आहे. २०१३ मध्ये ‘झपाटलेला २’ थ्रीडीत आला. तात्या अंगावर धावून आला, पण समोर घाबरायला लक्ष्या नव्हता. बेर्डे १६ डिसेंबर २००४ ला गेले. मीम मात्र अजूनही बहुतेक पहिल्याच सिनेमातले फिरतात. आता तिसऱ्या भागाची चर्चा आहे आणि त्यात एआयच्या मदतीनं लक्ष्याला परत आणायचा विचार कोठारेंनी बोलून दाखवला आहे. चाहत्यांना हे ऐकून भरून येणं साहजिक आहे. पण अडचण नेमकी तिथंच आहे. ‘झपाटलेला’त एक निर्जीव बाहुला होता आणि त्याला बघून घाम फुटलेला एक जिवंत माणूस होता. एआयचा लक्ष्या आणला तर त्या फ्रेममध्ये दोघंही बाहुलेच असतील, आणि त्यातल्या फक्त तात्याच्या मागे माणसाचा हात असेल.