हद्द एका शहराची, नळ दुसऱ्याचा

ऑगस्ट १८९२ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्ग बंदरात कॉलरा शिरला आणि काही आठवड्यांत ८ हजारांहून अधिक जीव घेऊन गेला. लागूनच असलेलं आल्टोना मात्र बरंचसं बचावलं. दोन्ही शहरांमधली हद्द रस्त्यांवरून, घरांच्या रांगांमधून जायची. माती तीच, हवा तीच. तरीही रुग्णांची घरं नकाशावर मांडली, तेव्हा काही ठिकाणी रस्त्याच्या हॅम्बुर्गकडच्या बाजूला रुग्ण आणि समोर आल्टोनात जवळपास कोणी नाही, असं दिसलं.

पाणी दोघांचंही एल्ब नदीचंच. हॅम्बुर्ग ते शहराच्या वरच्या अंगाला उचलून न गाळताच नळांना सोडायचं. आल्टोना खालच्या अंगाला, हॅम्बुर्गचं सांडपाणी मिसळल्यावर उचलायचं. पण वाळूच्या थरांतून संथपणे गाळून घ्यायचं.

कॉलरा पाण्यातून पसरतो याचा सर्वांत मोलाचा पुरावा जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांना मिळाला तो घरांच्या एका समूहात. हे आवार हॅम्बुर्गच्या हद्दीतलं, आजूबाजूला कॉलरा; आत एकही रुग्ण नाही. त्याची जलवाहिनी आल्टोनाच्या जाळ्याला जोडलेली होती! म्यूनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर मात्र साथीचं कारण स्थानिक जमिनीत शोधत होते. जमीन हॅम्बुर्गचीच असलेलं हे निरोगी आवार त्यांच्या मताला जड गेलं.

रुग्णांचे ठिपके एकटे फारसं बोलत नाहीत, त्यांच्याखाली पाण्याचं जाळं असावं लागतं, असं मला वाटतं ते यामुळेच. आपल्याकडे रुग्णांची मोजणी प्रभागवार होते. पाणी मात्र टाकी, वाहिनी आणि वॉल्व्हप्रमाणे वाटलं जातं. त्यात पुरवठा ठरावीक तासांचा. वाहिनी रिकामी झाली, दाब उतरला, की शेजारच्या गटाराचं पाणी सैल सांध्यांतून आत ओढलं जातं. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गुइलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सिंहगड रस्ता परिसरात एकवटले, तेव्हा दूषित पाण्याच्या शंकेने नजर नांदेड गावातल्या सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या विहिरीकडे वळली. रुग्ण कुठे राहतो याइतकंच त्याचं पाणी कुठून येतं, हे कळणं तातडीचं असतं.

उपग्रहचित्रं आणि जीआयएस आता हाताशी आहेत. पण जुन्या वस्त्यांत कुठली वाहिनी कुठून वळते, हे कित्येकदा वॉल्व्ह फिरवणाऱ्या चावीवाल्यालाच नेमकं ठाऊक असतं. साथ येण्याची वाट न पाहता, त्याच्यासोबत गल्लीगल्ली फिरून ते नकाशावर उतरवून घ्यायला हवं.