संस्थेसाठी लॅपटॉप घेताना



आपल्या संस्थेच्या कामासाठी एक चांगला लॅपटॉप घ्यावा, असा ठराव कार्यकारिणीच्या बैठकीत झाला आणि कोणता घ्यावा याची चौकशी आमच्याकडे सोपविण्यात आली. आम्ही बँकेतले कारकून, शिक्षण कला शाखेचे. संगणकशास्त्र शिकलेलो नाही. तरी काउंटरवर दिवसभर याच यंत्रांशी गाठ असते. या चौकशीत जे समजले ते शिरड शहापूरबाहेरच्या मंडळांनाही उपयोगी पडेल, म्हणून येथे देत आहोत.

आधी मागचा अनुभव सांगितला पाहिजे. सहा वर्षांपूर्वी आपण एक पातळ, चकचकीत लॅपटॉप सवलतीच्या दरात घेतला होता. दुसऱ्याच वर्षी त्याची बिजागरी तुटली आणि पडदा निखळला. दुरुस्तीसाठी नांदेडला चार खेपा झाल्या. प्रत्येक वेळी सुटा भाग मागविला आहे, एवढेच उत्तर मिळाले. पुढे तो सुरूच होईना. त्यात दोन वर्षांची देणगी नोंद होती आणि तिची दुसरी प्रत कोठेही नव्हती. लेखापरीक्षणासाठी पावती पुस्तकांच्या स्थळप्रती काढून, रात्री जागून, सारे पुन्हा लिहावे लागले. त्या पावत्यांत कोणाची खुरपणीची एका दिवसाची मजुरी होती, कोणाचा पहिला पगार. नवे यंत्र त्याच माणसांच्या पैशातून येणार आहे.

चौकशीत पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी की, ‘कोणती कंपनी चांगली?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. प्रत्येक मोठ्या कंपनीची दोन घरे असतात, एक घरगुती वापराच्या यंत्रांचे आणि दुसरे कार्यालयीन यंत्रांचे. लेनोव्होचा आयडियापॅड घरगुती, तर थिंकपॅड कार्यालयीन. एचपीचा पॅव्हिलियन घरगुती. प्रोबुक व एलिटबुक कार्यालयीन. डेलचे इन्स्पिरॉन आणि लॅटिट्यूड असेच. मात्र २०२५ साली डेलने नावे बदलून कार्यालयीन मालिकेला ‘डेल प्रो’ म्हणण्यास सुरुवात केली. झाकणावरची मुद्रा एकच असली तरी आतला माल वेगळा असतो.

कार्यालयीन मालिका मोठ्या कंपन्या शेकड्यांनी, हजारांनी घेतात आणि बरीच वर्षे वापरतात. म्हणून तिचे सुटे भाग दीर्घकाळ मिळतात, आणि यंत्र कसे उघडावे याची पुस्तिका या तिन्ही कंपन्या मोफत उपलब्ध करून देतात. अशी पुस्तिका हाती असली म्हणजे गावातला हुशार मुलगाही बॅटरी बदलू शकतो.

थिंकपॅड आयबीएमने १९९२ साली काढला आणि २००५ साली तो धंदा लेनोव्होकडे गेला. लॅटिट्यूड १९९४ चा, एलिटबुक २००८ चा. दुकानदार हा इतिहास रंगवून सांगतात, पण जुन्या नावलौकिकावर आजचे यंत्र चालत नाही. कालामांना तथागतांनी जे सांगितले, की ऐकीव आहे, परंपरेने आले आहे म्हणून मानू नका, ते जाहिरात वाचतानाही लागू पडते असे आम्हांस वाटते.

‘आय-फाइव्ह आहे’ म्हणून गळ्यात मारतात, त्याचेही तसेच. हे नाव २००९ पासून चालत आले आहे. नुसत्या नावाला अर्थ नाही, पिढी कोणती ते विचारावे. आपले काम जमाखर्च, पत्रव्यवहार, मुलांचे महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचे अर्ज आणि स्मरणिकेचा मजकूर एवढेच. त्यास अलीकडचा कोणताही मध्यम प्रोसेसर पुरतो. मराठीचा प्रश्नही आता यंत्राचा राहिलेला नाही; युनिकोडमध्ये इनस्क्रिप्टने टाइप केलेला मजकूर कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर तसाच उघडतो. (जुन्या फॉन्टमधल्या आपल्या फाइली नव्या यंत्रावर अगम्य अक्षरांत दिसतील. त्यांचे रूपांतर हे वेगळे काम आहे.)

खरा फरक मेमरीत आहे. काही यंत्रांत ती पाटावर कायमची डाखलेली असते, काहींत खाचेत बसवलेली. खाच असेल तर आज आठ जीबी घेऊन पुढे वाढविता येते. डाखलेली असेल तर घेतानाच सोळा जीबी घ्यावी लागते. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीच्या किमती जगभर चढल्यामुळे हा प्रश्न खिशाला जाऊन भिडतो. नावातले एक अक्षरही येथे महत्त्वाचे ठरते. थिंकपॅड टी१४ च्या २०२४ च्या पाचव्या पिढीत दोन खाचा आहेत, तर टी१४एस या बारीक भावंडात सगळी मेमरी डाखलेली. हलकेपणाची किंमत बहुधा अशीच मोजावी लागते.

बॅटरीवर वॉट-अवर लिहिलेले असतात. साधे लेखनकाम करताना यंत्र ताशी सुमारे दहा वॉट-अवर खाते असे धरले, तर पन्नास वॉट-अवरची बॅटरी पाच तास चालेल. वीज गेली तरी अर्ज भरणे थांबणार नाही. मात्र उन्हाने बॅटरी खराब होते. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत यंत्र ठेवू नये, आणि सतत तारेवर असल्यास चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबविण्याची सोय वापरावी.

आमचे सर्वांत जास्त डोके खाल्ले ते हमीने. ‘ऑनसाइट’ म्हणजे माणूस घरी येणार, असे पत्रकात छापलेले असते. पण तो आपल्या पिनकोडवर येतो का, आणि किती दिवसांत? आम्ही तीन विक्रेत्यांकडून दरपत्रके मागविली आणि प्रत्येकाला हा प्रश्न लेखी विचारला. दोघांनी फोनवर ‘येईल, येईल’ म्हटले. एकाने लिहून दिले. त्या एकाचीच शिफारस आम्ही तीन वर्षांच्या हमीसह केली आहे, तो सर्वांत स्वस्त नसतानाही. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण दुसऱ्या गावाला उत्तर वेगळे येईल.

ज्या मंडळांना नवे झेपणार नाही त्यांनी कंपन्यांनी वापरून सोडलेली यंत्रे पाहावीत. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची लागते. तेव्हा त्याच्या आतले स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. २०१८ चा थिंकपॅड टी४८० या मर्यादेत बसतो, त्याला मेमरीच्या दोन खाचा आहेत आणि मागची बॅटरी हाताने निघते. घेताना पहिल्या मालकाचा पासवर्ड आत राहिलेला नाही ना, हे चालू करून पाहावे आणि बिल संस्थेच्या नावाने घ्यावे.

यंत्र आल्यावर अनुक्रमांक डेड स्टॉक रजिस्टरमध्ये चढेल. दर रविवारी वंदनेनंतर हिशेबाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली जाईल, आणि ती डिस्क लॅपटॉप ज्या घरी असेल त्या घरी राहणार नाही, असे ठरले आहे.