उपग्रहाला रस्ता ठाऊक नसतो

गाडीच्या काचेला लावायचं जीपीएस यंत्र स्वस्तातलं घेतलं तर ते भलतीच जागा दाखवेल, ही भीती अनाठायी आहे. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणारे जीपीएसचे उपग्रह महागड्या आणि साध्या यंत्राला तोच संकेत पाठवतात, तोही फुकट. संकेत किती वाजता निघाला हे त्यातच नोंदलेलं असतं. पोहोचायला किती वेळ लागला त्यावरून यंत्र अंतर काढतं आणि किमान चार उपग्रहांची अंतरं मिळाली की जागा ठरते. तीन न घेता चार घ्यायचे, कारण यंत्रातलं घड्याळ साधं असतं. संकेत प्रकाशाच्या वेगाने येतो, म्हणून सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूकही अंतरात 300 मीटरची होते. चौथ्या उपग्रहामुळे ती चूक हिशेबातच निघून जाते. महाग अणुघड्याळं आकाशात ठेवायची आणि खालचं यंत्र स्वस्त ठेवायचं, अशी ही रचनाच आहे. अमेरिका नागरी संकेतात मुद्दाम मिसळत असलेली चूक मे 2000 मध्ये थांबली. तेव्हापासून मोकळ्या आकाशाखाली साधं यंत्रही काही मीटरांच्या फरकाने बरोबर जागा सांगतं.

तरीही माणसं चुकीच्या रस्त्याला लागतात, कधी जिवाला मुकतात. जानेवारी 2021 मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर रात्री गाडी गेली आणि चालक बुडाला. नोव्हेंबर 2024 मध्ये बरेलीजवळ पुराने तुटलेल्या पुलावरून गाडी रामगंगेच्या पात्रात कोसळली, तिघे गेले. बातम्यांनुसार दोन्ही वेळा वाट मोबाइलवरच्या नकाशाने दाखवली होती. उपग्रहांनी आपलं काम केलं होतं. पूल वापरात नाही ही गोष्ट नकाशापर्यंत पोहोचली नव्हती. पूल, एकेरी रस्ता, वळणबंदी यांतलं काहीही उपग्रह सांगत नाही. ते कुणीतरी, कधीतरी नकाशात भरलेलं असतं.

म्हणून यंत्र घेताना पडद्याच्या आकारापेक्षा नकाशा कधीचा आहे आणि पुढची अद्ययावत आवृत्ती मोफत मिळणार का, हे आधी विचारावं. जुना माल स्वस्त मिळतो, पण त्यात आणखी एक खोट असू शकते. जीपीएसच्या मूळ संकेतातली आठवड्यांची मोजणी 1024 आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येते. एप्रिल 2019 मध्ये ती तशी आली, तेव्हा सॉफ्टवेअर न सुधारलेली काही जुनी यंत्रं तारीख चुकवू लागली.

खिशात फोन असताना वेगळं यंत्र कशाला, हा आक्षेप रास्त आहे. वाहतूक कोंडीची ताजी खबर फोन चांगली देतो, आणि नकाशा आधी उतरवून ठेवला तर नेटवर्कशिवायही चालतो. शहरातल्या रोजच्या फेऱ्यांना तो पुरेसा आहे. पण नकाशा उतरवायचं बहुतेकांना आठवतं ते ताम्हिणी घाटात रेंज गेल्यावर. वेगळ्या यंत्रात तो आधीपासून असतो, मध्येच फोनची घंटी पडदा व्यापत नाही आणि अडचणीच्या वेळी फोनची बॅटरी शिल्लक राहते. लांब आणि अनोळखी प्रवास वारंवार करणाऱ्याला हे खर्चाच्या मानाने पुष्कळ आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: यंत्रावर विसंबून वाटा लक्षात ठेवायची सवय मोडते. लंडनच्या टॅक्सीचालकांवरचं 2000 सालचं संशोधन सांगतं, की शहर पाठ केलेल्या या चालकांच्या मेंदूतल्या स्थळस्मृतीच्या केंद्राचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा होता. उपाय साधा आहे. निघण्यापूर्वी सगळा मार्ग एकदा पडद्यावर पाहावा, मधली गावं आणि नद्या ध्यानात घ्याव्यात. ज्याने मार्ग पाहिला आहे त्यालाच यंत्र भलतीकडे नेतंय हे वेळेत कळतं. मात्र सारा भार चालकावर टाकणं अन्यायाचं आहे. धरण भरलं की कोणता पूल बुडतो हे पाटबंधारे खात्याला आधीच माहीत असतं. ती यादी दर पावसाळ्यापूर्वी नकाशे बनवणाऱ्यांना मिळायला हवी, आणि पुलाच्या दोन्ही तोंडांशी रात्री दिसेल असा पक्का अडसर हवा.