अमोनिया हवा, पण थोडाच: कोल्ड स्टोरेजवाले लो-चार्ज सिस्टीम का घेतात?

हा भाग बेडशात घरी बसून रेकॉर्ड केलाय. ऑडिओत मध्येच कोंबडा आरवलाय, तेवढं समजून घ्या.

आमच्या पवन मावळात गुलाबाची पॉलिहाऊसेस आहेत. व्हॅलेंटाइन डेच्या आधी तोडलेली फुलं लगेच २ ते ४ अंशांच्या कोल्ड रूममध्ये जातात. एवढ्याशा खोलीला साधारण फ्रिऑनचं युनिट पुरतं. पण दूध, बटाटा, आइस्क्रीम असा मोठा पसारा आला, की अमोनिया येतो.

का? एक किलो अमोनियाची वाफ होताना जवळपास १३७० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. आर-२२ फ्रिऑनला हेच विचारलं तर २३४. म्हणजे जवळजवळ सहापट फरक! शिवाय तो स्वस्त, आणि त्याने पृथ्वी तापत नाही. फक्त विषारी आहे. हवेत ३०० पीपीएम झाला तर जीवावर बेतू शकतं.

जुन्या पद्धतीच्या मोठ्या प्लांटमध्ये कित्येक टन अमोनिया पंपाने खोल्याखोल्यांतून फिरतो. लो-चार्जमध्ये प्लेट हीट एक्स्चेंजर लावून तो बराच कमी करतात, किंवा मशीनरूममध्येच ठेवून खोल्यांकडे गार ग्लायकॉल पाठवतात. आम्ही सॉफ्टवेअरवाले 'ब्लास्ट रेडियस' म्हणतो ना, एक गोष्ट बिघडली तर किती जणांना झळ लागेल, तो हिशोब इथे अगदी खराखुरा आहे.

अमेरिकेत १०,००० पौंडांच्या, म्हणजे साधारण साडेचार टनांच्या वर अमोनिया असला की सुरक्षेचे कडक नियम लागतात. तिथला मालक त्या आकड्याच्या खाली राहायला पैसे मोजतो. आपल्याकडे मला शेजार जास्त महत्त्वाचा वाटतो. प्लांट बांधला तेव्हा भोवती भातखाचरं होती, आता सोसायटी आहे.

पण खरं गिऱ्हाईक कोण? माझ्या मते जुना अमोनियावाला नव्हे. त्याचं मशीन चालतंय, मेकॅनिक नुसत्या आवाजावरून दोष ओळखतो. तो कशाला बदलेल? गिऱ्हाईक आहे फ्रिऑन सोडायला निघालेला माणूस. आर-२२ २०३० पर्यंत बाद होतोय. त्याच्या जागी आलेल्या एचएफसी वायूंसाठी भारताने २०२१ मध्ये किगाली करार मंजूर केला, आणि २०३२ पासून त्यांच्यातही कपात सुरू होणार. वीस वर्षं चालणारं मशीन घेणाऱ्याला हे बघावंच लागतं. अमोनियाची भीती असते, वीजबिल मात्र कमी हवं असतं. थोडा अमोनिया ही त्या दोघांतली तडजोड.

फुकट काही नाही हं. सुरुवातीचा खर्च जास्त. साठा कमी, म्हणून लोड अचानक वाढला तर सगळी भिस्त सेन्सर आणि कंट्रोलवर. प्रोग्रॅम लिहिणारा म्हणून सांगतो, इथे मला जरा धाकधूक वाटते.

एक बरं, कंप्रेसर बनवणारी किर्लोस्कर न्यूमॅटिक हडपसरला, हीट एक्स्चेंजरवाली अल्फा लावल दापोडीला. म्हणजे विचारायला लांब जायला नको. कोटेशन आलं की आधी दोनच गोष्टी विचारा: एकूण अमोनिया किती किलो, आणि त्यातला माणसं काम करतात त्या खोल्यांत किती?